देवघेवीच्या रजिस्टरातले अज्जा

मुरुम,
२९ ऑगस्ट

प्रिय महांतेशदादा,

सूचीचं काम संपत आलं. रझाकारांच्या काळावर आपल्या भागात जे जे लिहिलं गेलं ते एका ठिकाणी नोंदवायचं म्हणून दोन वर्षं फिरले. पोवाडे, कथा, अणदूरच्या एका गुरुजींनी जात्यावरच्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या ओव्या. तेव्हा लोक वाचत काय होते, हेही हवं होतं. म्हणून तेव्हा निजामाच्या हद्दीबाहेर असलेल्या सोलापूरच्या एका जुन्या वाचनालयाचं देवघेवीचं रजिस्टर चाळलं.

त्यात अठ्ठेचाळीस सालच्या पानांवर अज्जांचं, आपल्या आजोबांचं, नाव सापडलं. वीरप्पा, मुरुम. मार्चपासून ऑगस्टपर्यंत दर तिसऱ्या दिवशी एक कादंबरी, पुढं त्यांची वळणदार सही. दादा, नेमक्या त्याच महिन्यांत अज्जा जिवावर उदार होऊन सरहद्दीपलीकडच्या स्वातंत्र्यसैनिकांच्या कॅम्पात निरोप पोचवत होते, हे ऐकत आपण वाढलो. शाळेत तू त्यावर भाषणं केलीस. दुसरा कुणी वीरप्पा असेल, या आशेवर मी आठवडा काढला.

मग गुरुजींची वही उघडली. एका ओवीखाली नाव होतं नागम्मा, मुरुम. अज्जांची विधवा बहीण, आपली नागम्मा आत्ती. जिनं आपल्याला भरवलं आणि जिचा साधा फोटोही घरात नाही.

भाऊ गं सोलापुरी, सुखी ठेव भवानी आई
भाकरीत चिठ्ठी दडवून नाक्यापल्याड बहीण जाई

तक्रारीचा एक शब्द नाही त्यात.

अप्पांना वाचून दाखवली. ते म्हणाले, “ठाऊक होतं, लेकी. पाच वर्षांचा होतो. ती भाकरीची पाटी उचलायची अन् मी पदर धरून रडायचो. मरताना आत्तीनं शपथ घातली, तुझ्या बापाची मान खाली जाऊ देऊ नको म्हणून.”

सतरा सप्टेंबरला, मुक्तिदिनी, चौकात अज्जांच्या नावाचा फलक लागायचाय. मजकूर तुझा, आणि मल्लिकार्जुन सोमवारी दगड कोरायला घेतोय. अप्पा म्हणतात, शपथ मी मोडतो, पण महांतेशला सांगायचा धीर होत न्हाय. म्हणून हे पत्र. दोन्ही नोंदी सूचीत घातल्यात, त्या मी काढणार नाही. रविवारपर्यंत नवा मजकूर पाठव. अज्जांवर माझा राग नाही, माणूस घाबरतं. वर आत्तीचं नाव असू दे. खाली ‘वीरप्पांची बहीण’ असं लिही. तिला ते आवडलं असतं.

तुझीच,
शुभांगी