कुडू की गेम्सबक

३ जून, सोमवार

फाटकाच्या खांबाला गाडी घासली. खांब माझ्या जन्माच्या आधीपासून तिथेच आहे. इम्केने विचारलं, "बाबा, काय झालं?" म्हटलं, बैल आडवा आला. दुष्काळाने आमच्याकडे बैल उरलाय एकच, आणि तो त्या वेळी तिच्या मागेच उभा राहून रवंथ करत होता! थाप मारायची तर निदान आधी इकडेतिकडे बघावं. पण बघण्याचीच तर बोंब आहे.

५ जून, बुधवार

ऑस्ट्रियाहून ईमेल. मी इम्केलाच वाचायला लावला, चष्मा सापडत नाही म्हणून. चष्मा डोक्यावर होता. तिचं हसू दाबलेलं कळतं.

कोणी ब्रुनरबाई. नवऱ्याने आमच्याकडे शिकार ठरवली होती, तो जानेवारीत गेला, आता त्याच्या जागी ह्या येणार. यंदा आमच्या रानात मोठं जनावर एकच मारायचंय, पाऊसच नाही तर करणार काय. कुडू किंवा गेम्सबक, दोन्ही हरणंच. बाईंनी लिहिलंय, "तुम्ही काय सुचवाल?"

इम्के म्हणाली, "यात सुचवायचं काय? कुडू! दक्षिणेच्या नाल्यातला म्हातारा. औंदा नाही मारला तर बिबट्याच खाईल त्याला."

मी म्हटलं, "गेम्सबक."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी चर्च सोडतो म्हणालोय. "बाबा, तुम्ही? तुम्ही तर गेम्सबकला शिंगं लावलेलं गाढव म्हणता!"

म्हणतो खरा. आयुष्यभर म्हणत आलो. पण गाढव उघड्या माळावर उभं राहतं, काळं-पांढरं तोंड रंगवून, भाल्यासारखी सरळ शिंगं आभाळात खुपसून. पिळाच्या शिंगांचा कुडू काटेरी झुडपात राखी अंगाने राखी होऊन उभा राहतो. आणि माझ्या डोळ्यांच्या मध्यभागी मार्चपासून एक राखी डाग आहे. सरळ बघितलं की डाग, जरा बाजूला बघितलं की जग. विंडहुकचा डोळ्यांचा डॉक्टर म्हणाला, यावर ऑपरेशन नाही. मी म्हटलं, ठीक आहे. जसं काही तो केस कापू का विचारत होता!

इम्केला सांगितलेलं नाही. तिचा गाइडचा परवाना गेल्या वर्षीच झालाय. एक शब्द बोललो की उद्यापासून ती पुढे चालणार आणि मी घरी बसून पाहुण्यांचे पलंग मोजणार. चाळीस वर्षं या रानात पुढे मीच चाललोय. आमच्याकडे रीतच आहे, गाइड बोट दाखवील तिथेच गोळी. बोट अजून शाबूत आहे. डोळ्यांचं बघू.

९ जून, रविवार

गेम्सबकवर भाषण तयार केलं. चर्चमध्ये पाद्रीबाबांचं चालू होतं तेव्हा माझं मनातल्या मनात चालू होतं. मुद्दे: देखणा, शूर, सिंहालासुद्धा भोसकतो, मांस कुडूपेक्षा चवदार. (नाही. पण ऑस्ट्रियात कोणाला कळणार?)

११ जून, मंगळवार

गेर्सन आज म्हणाला, "डेटलेफ, तू हल्ली रानात जनावरांकडे बघतच नाहीस. माझ्याकडेच बघतोस. या वयात प्रेमात पडलास की काय?"

गेर्सन आमचा माग काढणारा. दोघे याच शेतावर वाढलो, एकाच झाडावरून पडलो. तो बोट करतो, मी त्याच्या बोटाच्या रेषेत दुर्बीण धरतो आणि पाहुण्याला म्हणतो, "हं, मला दिसलाच होता." नाव माझं. आंधळं दळतंय, नि पीठसुद्धा तेच खातंय!

गेल्या महिन्यात तो लघवीला गेला होता तेवढ्यात मी एका पाहुण्याला वारूळ दाखवलं. बिळात राहणारं आमचं रानडुक्कर म्हणून. बसलेलं. गेर्सन परत आला, बघितलं, आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "गेलं वाटतं बिळात." पाहुणा हळहळला. मीही हळहळलो, खोटं का बोला.

१८ जून, मंगळवार

ब्रुनरबाई आल्या. साठीच्या, काटक, पांढरे केस बारीक कापलेले. मी पायऱ्या उतरून पुढे झालो आणि मोठ्या आदराने त्यांच्या ड्रायव्हरशी हस्तांदोलन केलं.

जेवताना भाषण सुरू केलं. देखणा झाला, शूर झाला, सिंह भोसकून झाला. बाई शांतपणे चावत होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याने कुडूचं चित्र फ्रिजवर लावलं होतं. अकरा वर्षं. दूध काढायला गेले की आधी कुडू."

फ्रिजशी कोण वाद घालणार?

१९ जून

पाहुण्यांना आधी पुठ्ठ्यावर तीन गोळ्या मारायला लावतो. बाईंनी मारल्या. इम्के पुठ्ठा घेऊन आली, तिन्ही भोकं काडेपेटीखाली झाकली जात होती. "डोंगरात लहानपणापासून रानबकऱ्या मारते," बाई म्हणाल्या. हात खडकासारखा.

मी पुठ्ठा डोळ्यांपासून वीतभर धरून म्हटलं, "ठीक आहे." इम्केने तो माझ्या हातात फिरवून सुलटा केला.

२० जून, गुरुवार

आज मी गाडी मुद्दाम माळावर नेली. सुख! वाळलेलं पिवळं गवत आणि त्यावर गेम्सबकांचा अख्खा कळप, शेंबड्या पोरालाही दिसेल असा. मी उभा राहून हातवारे करत मोठ्या नराची शिंगं समजावली. गेर्सन हळूच म्हणाला, "ती मादी आहे." गेम्सबकच्या मादीलाही शिंगं असतात, नरापेक्षा लांबच. हे मी चाळीस वर्षं पाहुण्यांना सांगतोय!

ब्रुनरबाईंनी दुर्बीण खाली केली. "सुंदर आहेत. पण हे आमच्या गायींसारखे उभेच आहेत. उद्या कुडू बघू या?"

"मिळत नाही हो तो. लोक आठवडा आठवडा पाय झिजवतात."

"माझ्याकडे आठवडा आहे," बाई म्हणाल्या.

२१ जून, शुक्रवार

नाला. काटे. गेर्सन थांबला, बोट केलं. मी रेषेत दुर्बीण लावली आणि म्हटलं, "आहाहा!" काय दिसलं? झाडं. बाई पुढे सरकेपर्यंत तो म्हातारा कुडू कुत्र्यासारखा भुंकला आणि पसार. तो होता हे मला भुंकल्यावर कळलं. कान अजून उत्तम आहेत, कोणाला हवे असतील तर.

संध्याकाळी गेर्सन म्हणाला, "मावशी गेली. उद्या खोरिक्सासला माती आहे, सोमवारी येतो. तू इम्केला बरोबर घे."

"बघू."

"बघू कसलं? घे." मग टोपी घालत, "डेटलेफ, मी वारुळाचं कोणाला सांगितलेलं नाही. पण मला दर वेळी लघवी आवरता येणार नाही."

हसलो. तो हसला नाही.

२२ जून, शनिवार

काय दिवस! सगळं लिहितो.

पहाटे इम्के बूट घालून गाडीपाशी उभी. मी म्हटलं, "तू घरी थांब. एका पाहुणीमागे दोन गाइड? बापाला जमत नाही असं वाटेल."

"कोणाला काय वाटेल यावर शिकार चालते का?"

"माझ्या शेतावर चालते."

दार आपटलं तिने. "मग मी माझ्या कामाला जाते!" आईसारखंच आपटते. माझी हेल्गा असती तर दोघांनाही एकेक ठेवून दिली असती.

मी आणि बाई नाल्यात उतरलो. वारा तोंडावर, ऊन नुकतंच वर आलेलं. तासभर काही नाही. आणि मग दिसलं! मला! गेर्सनच्या बोटाशिवाय! दीडशे पावलांवर, झुडपांमागे राखी अंग. त्याच्यावर दोन काळी वळणं. मी बाजूला नजर ठेवून बघितलं, परत बघितलं. नक्की. म्हातारा कुडू!

तिकाटणं रोवलं, बाईंना खूण केली. त्यांनी बंदूक टेकवली, बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावला. मी कानात म्हटलं, "उभा आहे. खांद्यावर धरा. मारा."

काहीच नाही.

"मारा!"

"तुम्हाला दिसतोय?" असं विचारलं त्यांनी. आवाज कसातरीच.

"स्पष्ट! बघा, कान हलवतोय." खरंच, डोक्यापाशी काहीतरी हललं होतं.

"परत एकदा बघा, डेटलेफ."

"बाई, चाळीस वर्षं मी हेच करतोय! मारा म्हणतो ना!"

त्यांनी मान वर केली. बंदुकीचा दट्ट्या मागे ओढला, न उडालेलं काडतूस वाळूत पडलं. चेहरा पिठासारखा पांढरा. "नाही जमत. हात थरथरतोय." तोवर ते राखी अंग वळलं आणि झुडपांत गेलं.

मग म्हणतात, घरी चला, आत्ताच्या आत्ता. आणि माझीही बंदूक मागून घेतली, "द्या, मी धरते." गाइडची बंदूक पाहुणीच्या खांद्यावर! वाटेत कोणी बघितलं नाही हे नशीब. दिली, कारण बाई रडत होत्या.

तर असं. कुडूसमोर भल्याभल्यांची गाळण उडते. काडेपेटीखाली तीन भोकं झाकणारीचीही उडते! आणि मला, खरं सांगू, आनंद झाला. डोळा माझा गेलाय म्हणतात, पण ऐन वेळी हात तिचा गेला. कुडू मी शोधला. मी! डॉक्टरला कोणीतरी कळवा.

संध्याकाळी इम्के उशिरा घरी आली, मळलेली, माझ्याशी अबोला धरून. ती स्वयंपाकघरात शिरली तशा ब्रुनरबाई उठल्या आणि तिला घट्ट मिठी मारली. ओळख चार दिवसांची! इम्के हात लोंबकळत ठेवून उभी, हातातला पाना तसाच. मी विषय बदलायला म्हणून सुरुवात केली, "आज नाल्यात आम्हाला..." बाई मधेच म्हणाल्या, "काही दिसलं नाही. काहीच नाही." लाज वाटत असणार बिचारीला. मी सभ्य माणूस, गप्प बसलो.

२३ जून, रविवार

बाई नाश्त्याला आल्या नाहीत. दुपारी विचारलं, "उद्या परत कुडू? आता जागा माहीत झाली."

"नको."

"मग गेम्सबक? भाषण पुन्हा म्हणू का?"

"दोन्ही नको. मी उद्या निघते."

रिकाम्या हाताने जाणारी पहिली पाहुणी. आणि तेही मी कुडू शोधून दिल्यावर! दिवसभर त्या इम्केच्या मागे मागे. कोंबड्यांना दाणे टाकायला बरोबर, भांडी पुसायला बरोबर. पोर हरवून सापडावं तसं.

इम्के माझ्याशी अजून बोलत नाही. वाढलं, गेली.

२४ जून, सोमवार

ब्रुनरबाई गेल्या. गाडीत बसण्याआधी मला बाजूला घेतलं. "डेटलेफ, गेम्सबकबद्दलचं तुमचं म्हणणं बरोबर होतं. उघड्या माळावरच राहा." मी फुशारलो. मग म्हणाल्या, "आणि इम्केला पुढे चालू द्या. तुमच्या पुढे, तुमच्या हाताला लागेल इतकी जवळ. मला वचन द्या."

म्हटलं, बघू. जो येतो तो इम्के, इम्के! पाहुण्यासुद्धा आता शेत कोणी चालवायचं ते सांगणार.

जाताना माझा हात त्यांनी बराच वेळ सोडला नाही. दुसरा संसार थाटायचा विचार असेल म्हणावं तर चेहरा तसा नव्हता.

गेर्सन परत आला. त्याला कुडूची गोष्ट रंगवून सांगितली. त्याने माग बघून येतो म्हटलं. मी म्हटलं, काय गरज?

२६ जून, बुधवार

इम्के आज बोलली. कॉफी ओतता ओतता.

"बाबा, शनिवारी तुम्ही माझ्यावर एवढे चिडला होता?"

"का गं?"

"नाल्यातल्या टाकीची नळी फुटली होती. तुमचा जुना राखी कोट घालून मी नवी नळी नेत होते, खांद्यावर काळं वेटोळं, टोकं डोक्यावर नाचत होती. उन्हाने डोळे दिपत होते, तरी तुम्ही दोघं समोर उभे दिसलात. मी हात केला. तुम्ही ओळखच दिली नाहीत."

मी कप खाली ठेवला.

तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, डाग, वारूळ. मग शनिवारचा तो कुडू.

ब्रुनरबाईंचा हात थरथरला नव्हता.