गाठीवाला ब्रश

चि. नातीस आजीचे पोटभर आशीर्वाद. तुझ्या आईचेही आहेत, पण तिचा हात सध्या माझ्या ताब्यात आहे, तेव्हा तिचे ती मागाहून लिहील. तुझी तब्येत बरी असेल, वेळेवर जेवत मात्र नसशील. इकडे सगळे ठीक आहोत, फक्त तुझ्या आजोबांचा वरचा पुढचा दात गेला. त्याला कारण मी, आणि थोडीशी तू, म्हणून हे पत्र.

तू दात घासायला बांबूचे चार ब्रश पाठवलेस, एकेकावर एकेकाचं नाव कोरून. हौसेने केलंस गं. प्लॅस्टिकचा ब्रश पणतवंडांनाही पुरून उरतो हे तू फोनवर असं काही पटवलंस की आम्ही जुने रंगीत ब्रश फेकलेसुद्धा नाहीत, दुसऱ्या कामाला लावले. (माझा लाल आता शिलाई मशीनमधला कचरा काढतो, आजोबांचा हिरवा त्यांच्याच पायजम्यात नाडी ओवतो. माणसं निवृत्त झाली, ब्रश नाहीत.) पण लाल गेला आणि माझी खूणच गेली. त्यात तू विचारलंस, आजी, तुझं नाव ओळखलंस ना? मागच्या सुट्टीत मला ते शिकवताना तुझा घसा बसला होता. तू परत गेलीस आणि तुझ्यामागोमाग अक्षरंही गेली. पण तू इतक्या आशेनं विचारलंस की मी म्हटलं, ओळखलं की. (तुझी आई लिहायची थांबली आहे. लिही गं, पुढे याहून वाईट आहे.)

मी युक्ती काढली. सगळ्यांचं आटोपलं की शेवटी न्हाणीघरात जायचं, आणि कोरडा असेल तो ब्रश आपला. पाहते तर कोरडे दोन. वाटलं, एक तू स्वतःसाठी धाडला असशील, सुट्टीत आल्यावर लागेल म्हणून. (चार ब्रशांत पाच माणसं कशी बसतील, हे मोजायचं सुचलंच नाही.) मग दांड्यावर काळी गाठ होती तो मी धरला, आणि दुसरा तुझा म्हणून रोज पुसून ठेवू लागले. गाठीवाला तुझ्या आजोबांचा होता. त्यांना बांबू तोंडात धरला की शिडी चाटल्यासारखं वाटायचं, म्हणून ते नुसती चूळ भरून, टॉवेलने तोंड पुसत ऐटीत बाहेर यायचे.

गाठीवाल्याचे केस झिजले. झालं, तुझ्या आईने आजोबांचं कौतुक सुरू केलं. बाबा बघा या वयात किती नेमाने घासतात, आणि आई, तुमचा ब्रश अजून कोरा करकरीत? मी शपथा घेतल्या, कुणी ऐकेना. आजोबांनी कौतुक बिनतक्रार गिळलं. (त्यांची समजूत अशी की बांबू दमट हवेने आपोआप झिजतो.) तुझ्या बाबांनी तर मला, दातांचं महत्त्व, या विषयावर जेवताना व्याख्यान दिलं.

मग आजोबांचा गाल सुजला. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, घासत नव्हता वाटतं. त्यावर तुझी आई त्यांच्याशी भांडली; झिजलेल्या ब्रशाचा पुरावाच होता तिच्याकडे. मी भिंतीवरचा भला मोठा दात बघत बसले. तेव्हाच सगळं उमगलं, आणि मी तोंड उघडलं नाही. तेवढ्या एका दातापायी हातमोजे, पेला, कापूस, सुईचं वेष्टण, असली डबाभर घाण निघाली. तुझ्या चार ब्रशांनी वाचवलेलं प्लॅस्टिक त्यापुढे पाणी भरेल.

दाताचं मला फार नाही. पण फाटकापाशी आले की आजोबा शीळ घालायचे, आणि मी आधण ठेवायचे. कप भरेस्तोवर ते पायरीवर. आता नुसती फुस्स हवा जाते. परवा कडी वाजवून पाहिली त्यांनी. मला वाटलं दूधवाला आला, म्हणून मी पातेलं घेऊन दारात गेले. ते पातेल्याकडे बघून आत गेले. चहा निवलेला नव्हता गं, ठेवलाच नव्हता.

तुझी, शेवटी घासणारी,
आजी

ता. क. आजोबांना यातलं काही सांगू नकोस. कौतुक त्यांना मानवलं आहे, दात गेल्यापासून ते खरंच घासतात.

ता. क. २. म्हणजे आता सकाळी कोरडा एकच उरायला हवा. पण ते घासतात माझ्याही नंतर, आणि कोणत्या ब्रशाने, देव जाणे. गाठीची खूणही हा ब्रश टिकेल तोवरच. तेव्हा रजा काढून ये आणि मला अक्षरं शिकव. माझं नाव नको, ते राहत नाही डोक्यात. बाकी तिघांची शिकव, उरेल तो माझा. आजोबांचं आधी.