बाटलीतला कापूस

बाई, तुमच्या बांगड्या अजून ऐकू येतात. निफाडच्या शाळेत आम्ही कविता म्हणायला लागलो की तुम्ही टेबलावर हातानं ठेका धरायचात आणि ओळीओळीला काच किणकिणायची. मी डोळे मिटून म्हणतोय, एक शब्द चुकत नाही. "वा! आता अर्थ सांग." मी तोंड उघडून उभा. "पोपट रे पोपट," तुम्ही म्हणालात, "पेरू खा नि खाली बस." वर्ग हसला. मीही हसलो.

म्हातारपणीही पोपटच राहिलो, बाई. मला एचआयव्ही आहे. कुठून आला, ते तुम्हाला सांगवत नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात. त्या कॅल्शियमच्या बाटलीत ओतायच्या, खोकं तिथंच टाकायचं नि वर कापूस दाबायचा, म्हणजे पिशवीत खुळखुळत नाहीत. रांगेतल्या एका जुन्या माणसानं शिकवलेली रीत. समुपदेशक मुलगी विचारायची, "आजोबा, गोळी कधी थांबवायची?" मी चालीवर म्हणायचो, "कधीच नाही, ताई, जन्मभर." ती खूश. मग एकदा म्हणाली, रक्तात विषाणू सापडत नाही. पुढचं मी ऐकलंच नाही. येताना पेढे घेतले. पाहुणा गेल्यावर कोणी त्याचं पान वाढून ठेवतं का? गोळ्या बंद केल्या.

ताप हटेना, अंगावरचे कपडे ढगळ झाले, तेव्हा परत गेलो. "अहो आजोबा, गोळीनं दाबून ठेवला होता म्हणून सापडत नव्हता. गेला नव्हता. हात काढला की उठणारच ना!" मग हळूच म्हणाली, "तुम्ही तर पाठ म्हणून दाखवायचात." डॉक्टरांनी गोळ्या पुन्हा सुरू केल्यात. वेळ लागेल म्हणतात. अर्थ कळलाय, बाई, पण आता घास उतरत नाही. संध्याकाळी एखादी कविता म्हणायला घेतो, तर दुसऱ्या कडव्यातच धाप लागते. ही गेल्यापासून ऐकणारंही कोणी नाही.

परवा अंबडला मुलाकडे जेवायला गेलो आणि बाटली त्यांच्याकडेच राहिली. त्यांना यातलं काही ठाऊक नाही. सुनेचा फोन आला, तर म्हणालो, "विसरलो गं. कॅल्शियम तर आहे, राहू दे." विसरलो नव्हतो, बाई. ठेवून आलो. मुलाला सांगितलं नाही, दवाखान्यात सांगितलं नाही; तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही गेलात तिथं पत्र पोचत नाही.

दार वाजतंय. भर दुपारी माझ्याकडे कोण येणार? खिडकीतून पाहतो, तर सून. एकटीच, घामानं डबडबलेली. हातातली पिशवी खुळखुळतेय. कापूस काढलाय तिनं.

"मामा, कडी काढा. औषधवाल्याला गोळी दाखवून आलेय मी." ती आवाज खाली आणते. "ह्यांना अजून बोलले नाही. जेवणाआधी घ्यायची की नंतर, तेवढं सांगा."

सोपा प्रश्न आहे, बाई. आणि मी तोंड उघडून उभा.