सुविधा उपलब्ध होत्या

प्रिय हर्षा,

हे पत्र हातानं लिहिलेलं नाही. दुकानातल्या कॉम्प्युटरवर टाईप केलं आहे, म्हणजे तुझा मोबाईल ते तुला वाचून दाखवेल, कुणाला बोलवावं लागणार नाही. तीनदा तपासलं आहे. शब्द चुकला की तुझं मशीन तो कसातरीच उच्चारतं आणि तू हसत सुटतेस. आज हसू नकोस. एकटी असशील तेव्हाच ऐक.

नऊ दिवस तू फोन करते आहेस आणि मी उचलत नाही. परवा तुझ्या आईनं, मनकर्णाकाकूंनी, दुकानाच्या नंबरवर फोन केला. "काहून रे श्याम, तुया फोन बिघडला का? पोरगी सोमवारच्या सुनावणीची तयारी करून राहिली, अन् तुया पत्ताच नाही." मी म्हणालो, हो काकू, बिघडला. फोन ठेवला आणि समोरच्या गिऱ्हाईकाच्या अर्जात त्याच्या बापाचं नाव चुकवलं. सहा वर्षांत माझ्याकडून अशी चूक झाली नव्हती.

तुला आठवतं, डिप्लोमाच्या पहिल्या पेपरला तुला लेखनिक मिळत नव्हता? नियम असा की लेखनिक परीक्षार्थीपेक्षा कमी शिकलेला हवा, नाहीतर तो स्वतःचंच उत्तर लिहील. आपल्या अकोटच्या गल्लीत शुद्ध लिहिणारा आणि शाळा अर्धवट सोडलेला असा मी एकटाच. अकरावी सोडल्याबद्दल आयुष्यभर ऐकून घेतलं होतं. तुझ्या कॉलेजनं त्याच कारणासाठी मला खुर्ची दिली. तू प्रोग्राम सांगायचीस आणि मी लिहायचो. "चार घरं सोड, मंग लिही. हां. अन् तू माया हात आहेस, डोकं नोको चालवू." मी घाबरून खरंच समासापासून चार अक्षरांची जागा मोजायचो. त्या कंस-स्वल्पविरामांचा अर्थ मला आजही कळत नाही, पण तुझा एकही कंस मी उघडा ठेवला नाही.

कंपनीच्या निवड परीक्षेच्या त्या दिवशीही सकाळच्या एसटीनं अकोटहून अमरावतीला आलो, ते पेन घेऊन. परीक्षा कॉम्प्युटरवर आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू तुझा बोलणारा लॅपटॉप आणला होतास. प्लेसमेंटच्या किशोर सरांनी तो दाराशीच ठेवायला लावला. बाहेरचं मशीन चालणार नाही. मग आतल्या मशीनवर ते वाचणारं सॉफ्टवेअर टाका, तू म्हणालीस, फुकट मिळतं, दहा मिनिटं लागतात. तर म्हणाले, "एका मुलीसाठी अख्खी लॅब थांबवू का? लेखनिक आहे ना तुझा, तो वाचेल."

हर्षा, मला याचाच संताप येतो. त्याच लॅबच्या दारावर तुझा फोटो लावला आहे. तपासणी समिती आली होती तेव्हाचा. डोक्याला हेडफोन, चेहऱ्यावर हसू, खाली लिहिलं आहे, 'दिव्यांगांसाठी सर्व सुविधा उपलब्ध.' त्या हेडफोनची वायर कशालाच जोडलेली नव्हती, हे तूच मला सांगितलं होतंस. माहितीपुस्तिकेत तोच फोटो, वेबसाईटवर तोच. फोटोतल्या मुलीला सगळं मिळालं. परीक्षेला बसलेल्या मुलीला मी मिळालो.

आणि मी काय वाचणार? बारीक इंग्रजी अक्षरं, कोपऱ्यात उलटं पळणारं घड्याळ. एकेक शब्द अक्षरं लावून वाचत होतो. पहिला प्रश्न अर्धा वाचून होतो न होतो तोच तुला उत्तर सापडलं होतं, पण ते कुठल्या चौकटीत टाकायचं हेच मला सापडेना. पंचेचाळीस मिनिटांतली बावीस त्यातच गेली. ती परीक्षा तुझ्या कॉम्प्युटरच्या ज्ञानाची नव्हतीच, माझ्या इंग्रजीची होती. तू उभी राहिलीस आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "सर, नापास झाली तर माया चुकीनं होईन. याच्या वाचण्यानं नाही." आणि काठी उघडून बाहेर गेलीस.

आता कॉलेज म्हणतं, तू परीक्षा स्वतःहून सोडलीस. आणि परीक्षा स्वतःहून सोडणाऱ्याला पुढच्या एकाही कंपनीपुढे बसू देत नाहीत. पाचपैकी पाच सेमिस्टर तू पहिल्या दमात काढलीस, आणि तुझं नाव यादीतून जाणार ते या एका वाक्यामुळे. काकू सांगत होत्या की कॉलेजकडे लेखनिकाची सही असलेला कागद आहे, आणि तू त्यांना ठणकावून सांगितलंस, "सही खोटी असंन. श्याम असं कदीच लिहून देणार नाही."

सही खोटी नाही. तू निघून गेल्यावर किशोर सरांनी मला ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि छापील कागद पुढे केला. 'सर्व सुविधा उपलब्ध असूनही परीक्षार्थीने स्वेच्छेने परीक्षा सोडली.' घाईत, न वाचता सही केली असं मला म्हणता आलं असतं, पण तू मला ओळखतेस. मी तीनदा वाचला. तारीख एका दिवसानं चुकली होती, ती खोडून बरोबर केली. खोटं वाक्य तसंच ठेवलं आणि खाली सही केली. भीती होतीच. सर म्हणाले होते, "तुझं शिक्षण किती, ते तपासायला लावू का?" तपासून काय निघणार होतं? दहावी पास, एवढंच. तरी घाबरलो.

पण नुसती भीती नव्हती. तुझा लॅपटॉप त्यांनी दाराशी ठेवायला लावला ना, तेव्हा क्षणभर मला बरं वाटलं होतं. तो आत गेला असता तर माझी खुर्ची गेली असती. हे लिहायला मला नऊ दिवस लागले. सोबत माझा दुसरा जबाब जोडला आहे, त्यात फोटोची वायरसुद्धा लिहिली आहे. ऐकून घे. तुला वाईट वाटेल म्हणून त्यातलं काही काढू नकोस. सोमवारी पहिल्या एसटीनं येतो आहे. सुनावणीच्या समितीपुढे तो जबाब मीच वाचेन, अडखळलो तरी. यापुढे मला लेखनिक म्हणून बोलवू नकोस, तुझं मशीन माग. दारात भेटलो आणि तू बोलली नाहीस, तरी मी आत येणार आहे.

तुझाच,
श्याम