डाव्या पायाचा मोजा

३ फेब्रुवारी, सोमवार

आले एकदाची! ड्रमच्या सात पेट्या, दोन बॅगा, एक कुबडी आणि मी, असा सगळा संसार टॅक्सीवाल्याने फुटपाथवर मांडून ठेवला आणि ताई कमरेवर हात ठेवून हमालांशी भांडायला लागली. तिच्या भांडणाने सामान दहा मिनिटांत वर चढलं.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली चष्म्यांचं दुकान, समोर रस्ता ओलांडायचा लोखंडी पूल. जिना बावीस पायऱ्यांचा, चढताना कठडा उजव्या हाताला, म्हणजे माझ्या सोयीचा. ताईने चादर घातली, खिडकी पुसली, आणि निघताना सवयीने म्हणाली, पाय जपून टाक. मी म्हटलं, एकच उरलाय, जपूनच टाकणार. ती हसली नाही. गेले आठ महिने ती माझ्या विनोदांना हसतच नाही.

पण मी खूश आहे, हे इथे लिहून ठेवते. वय पस्तीस, वीस वर्षं ड्रम वाजवतेय. गेल्या जूनमध्ये गाडीच्या अपघातात डावा पाय गुडघ्याखाली गेला. तरीही एका बँडने मला बोलावून घेतलंय. दया म्हणून नाही. त्यांची गायिका फोनवर सरळ म्हणाली होती की दयेवर गाणी बसत नाहीत, दोन आठवडे बघू, जमलं नाही तर तोंडावर सांगेन. अशी माणसं मला आवडतात.

४ फेब्रुवारी

तालमीची जागा म्हणजे एक बंद पडलेला छापखाना. फरशीवर शाईचे डाग, भिंतींना जुने गालिचे ठोकलेले. गायिका, आणि गिटार वाजवणारे दोघे जुळे भाऊ. त्यांना सगळे नुसतं ‘जोडी’ म्हणतात. खर्जाची गिटार, म्हणजे बास, वाजवणारा त्यांना अजून मिळालेला नाही. त्याचा स्पीकर कोपऱ्यात रिकामाच उभा आहे. मी ड्रम असे लावले की तो कोपरा पाठीमागे जावा. आमच्या जुन्या बँडमध्ये बास बोका वाजवायचा. सगळे त्याला बोकाच म्हणायचे, त्याची आईसुद्धा. त्याच अपघातात तो गेला.

ड्रमरचे हातपाय चार वेगळी कामं करतात. डाव्या पायाचं काम हाय-हॅटवर. एका दांड्यावर समोरासमोर बसवलेल्या दोन झांजा, पेडल दाबलं की मिटतात, सोडलं की उघडतात. सगळ्या गाण्याचा श्वास त्यात असतो. माझा नवा पाय कार्बनचा, खाली स्प्रिंग. पाय बनवणाऱ्या काकांनी तो सहा वेळा घासूनपुसून जमवून दिला, पण त्याला पेडल कळत नाही. झांजा मिटतात, केसभर उशिरा. गायिकेच्या कानाला तो केस बरोबर टोचला. म्हणाली, उद्या पुन्हा.

७ फेब्रुवारी

नसलेला पाय दुखतो, हे न दुखलेल्या माणसाला पटवता येत नाही. डॉक्टरांच्या मते पाय गेल्याची बातमी माझ्या मेंदूला अजून पोचलेली नाही. आठ महिने तो पाय बर्फात ठेवल्यासारखा गार आणि ठणकणारा. गोळ्यांनी फक्त झोप येते.

आज सकाळी चहा ओतत होते आणि ठणका थांबला. नुसता थांबला नाही, पाय ऊबदार झाला. कोमट तेल लावून कुणी तळवा चोळावा, अंगठ्याने टाचेपासून वर दाबत न्यावं, तसं. घाईघाईने नाही, सवयीच्या हाताने. मी गॅस बंद करून खुर्चीत बसले आणि ढसाढसा रडले. इतकं बरं मला जूननंतर कधीच वाटलं नव्हतं.

११ फेब्रुवारी

तेल रोज लागतं, सकाळी आठच्या सुमाराला. आज त्यानंतर मोजा चढवला गेला. हसू येतं लिहिताना, पण खरंच. लोकरीचा, हाताने विणलेला असावा, करंगळीखाली एक गाठ आली आहे. दिवसभर टोचत होती.

आणि वाजवणं! पाऊल जागं झाल्यावर खालचा कार्बनही जागा झाला. झांजा अशा मिटल्या की जोडी वाजवायची थांबून बघत राहिली. गायिका म्हणाली, पायगुण चांगला आहे तुझा. मी म्हटलं, अर्धाच आहे, पूर्ण असता तर काय झालं असतं! ती पोट धरून हसली. नोकरी पक्की. २ मार्चला, रविवारी, दुपारी चारला, शाळेच्या सभागृहात पहिला कार्यक्रम. ताईला फोन केला. मोज्याचं सांगितलं नाही, उगाच धावत आली असती.

१५ फेब्रुवारी

आज तेल नाही. मोजा आहे. मोज्यावरून तळव्यावर बोटांची टकटक. चार. थांबून पुन्हा चार.

तालीम अर्धी सोडून आले. डोकं दुखतंय असं सांगितलं.

१६ फेब्रुवारी

लिहूनच टाकते. कुणाला दाखवायचं नाही.

गाडी रस्त्याकडेच्या चरात आडवी पडली होती. भर दुपार. चालक काच फोडून बाहेर पडला. मी मधल्या सीटवर, डावा पाय स्पीकरच्या पेट्या आणि चेपलेल्या पत्र्यात अडकलेला, आणि त्या ढिगाऱ्याखाली बोका. त्याचा आवाज येत नव्हता. सगळे समजले, गेला. माझा बूट निघून पडला होता. आणि मग तळव्यावर बोटं. चार टकटक. गाण्याआधी चार आकडे ड्रमरने द्यायचे असतात, पण बोका मला चिडवायला नेहमी माझ्याआधी द्यायचा. तेच चार.

सोडवायला आलेल्यांपैकी एकाने विचारलं, खाली अजून कुणी जिवंत आहे का? असेल तर आधी मागचा पत्रा कापावा लागेल, तुम्हाला तासभर कळ काढावी लागेल. पेट्रोलचा वास येत होता. मी म्हटलं, नाही. खाली कुणी नाही.

पाय निघेना. डॉक्टरांनी तिथेच कापायचं ठरवलं. सुई टोचल्यावर शेवटचं कळलं ते एवढंच, की टकटक थांबली होती आणि त्याने माझं पाऊल दोन्ही हातांनी गच्च धरलं होतं.

१९ फेब्रुवारी

पाय चालायला लागला.

मी बसलेली असते आणि तो चालतो. आधी गुळगुळीत फरशी, मग उंबरठा, मग ऊन लागलेली माती. आता डांबर. बूट नाही, फक्त मोजा. एक पाऊल टेकतं, मग मधे काहीच नाही, मग पुन्हा टेकतं. मधलं पाऊल दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

तालमीत गायिकेने तीनदा थांबवलं. म्हणाली, गाणं लंगडतंय. तिचं खरं होतं. माझे हात त्या पावलांबरोबर पडत होते.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी गोळी वाढवली.

२१ फेब्रुवारी

सकाळी बोक्याच्या आईला फोन लावला. अपघातानंतर पहिल्यांदाच. सगळं सांगून मोकळं व्हायचं, त्यांनी शिव्या दिल्या तर ऐकून घ्यायच्या, असं ठरवलं होतं. मी काकू एवढंच म्हटलं. त्याच म्हणाल्या, बरं झालं फोन केलास पोरी, मोजा नीट बसतोय ना?

त्या बोलत राहिल्या, शेजारणीशी बोलावं तसं. म्हणाल्या, त्याच्याबरोबर तुझाही पाय आमच्याकडे आला होता. हॉस्पिटलवाल्यांना काय, जे सापडलं ते एकाच गुंडाळीत बांधून दिलं. बोक्याचा डावा पाय चालण्यासारखा उरलाच नव्हता. तुझा लहान पडतो त्याला, पण निभावून नेतो. फार गार असायचा, म्हणून आता तेल लावून लावून मऊ केला. परवा निघाला. तुझ्याबरोबर वाजवायचं म्हणतो.

पोराच्या दुःखाने बाईचं डोकं फिरलंय, असं मी मनाशी घोकत होते. तरी कबूल केलं. तो जिवंत होता, मला कळलं होतं, आणि मी नाही म्हटलं.

काकू म्हणाल्या, ते त्याने सांगितलंय मला. ते तुझं तूच बोल त्याच्याशी. मी तुमच्यात पडणार नाही.

२४ फेब्रुवारी

चालतोय. दिवसा चालतो, संध्याकाळी थांबतो. खडी. ओलं गवत. काल मोज्याला भोक पडलं, आज टाचेत खडा गेलाय. काढताही येत नाही. ज्याच्याकडे टाच आहे तो काढत नाही.

ताईला सगळं सांगितलं. ये म्हटलं. ती म्हणाली, मला माहीत आहे. शुद्धीवर यायच्या आधी तू तेच बडबडत होतीस, खाली बोका आहे, खाली बोका आहे. मी कुणाला सांगितलं नाही. सांगून कुणाला काय परत मिळणार होतं?

म्हणजे आठ महिने ती हसत नव्हती ते यासाठी.

रविवारी येते म्हणाली.

२६ फेब्रुवारी

लोखंड. उन्हाने तापलेलं, वर उठावाची नक्षी.

खिडकीतून पूल दिसतो. माणसं जातायत येतायत. सगळ्यांच्या पायात काही ना काही आहे. मी एकेकाचे पाय बघत बसले. अनवाणी कुणीच नाही.

पण पुलाच्या मधोमध एक मोकळी जागा आहे. गर्दी तिथे फाकते आणि पुढे पुन्हा मिळते. ती जागा सरकतेय. हळू. लंगडत.

२७ फेब्रुवारी, दुपारी तीन

जिना.

मोजले. अकरा. बावीस पायऱ्या, डाव्या पायाच्या अकरा.

मी दाराकडे तोंड करून पलंगावर. कडी लावली आहे. दारापलीकडे पाय थांबलाय, पायपुसण्याचा काथ्या टोचतोय मोज्याच्या भोकातून —

चार वाजले. तिथेच.

साडेचार. वजन या पायावरून त्या पायावर करतोय. आपण कुणाची वाट बघताना करतो तसं.

दाराशी जाऊन म्हटलं, बोक्या, माझं चुकलं. मग उतरला. अकरा.

२८ फेब्रुवारी

गायिकेला म्हटलं, मला जाऊ दे. तिने कारण विचारलं. मी म्हटलं, भीती वाटते. ती म्हणाली, पहिल्या कार्यक्रमाआधी सगळ्यांनाच वाटते, आणि माझा हात धरून बसली. भली बाई आहे. सांगू काय तिला?

पळून जायला दोन पाय लागतात. आणि जाऊन जाऊन जाणार कुठे, तो पाय माझाच आहे.

वाजवलं दिवसभर. वाजवताना तरी कळत नाही —

१ मार्च

आज चालला नाही. कुठेतरी उभा आहे. खाली लाकूड. सपाट, मेणाने घासलेलं. आमची फरशी तशी नाही, छापखान्याची नाही, पुलाची नाही.

२ मार्च, दुपारी साडेतीन

शाळेच्या सभागृहात आलो. रंगमंच लाकडी. मेणाने घासलेला.

मागच्या खोलीत बूट काढून बसले आहे, आरशासमोर, टेबलावर वही. ताई पहिल्या रांगेत आहे, मघाशी येऊन केस सारखे करून गेली. सभागृह भरलंय म्हणे.

पावणेचार

जोडीतला एक जण येऊन विचारून गेला की बासवाल्याला तू बोलावलंस का. स्पीकर चालू आहे, वाद्य लावून ठेवलंय, माणूस दिसत नाही. गायिकेला वाटलं मीच तिला चकित करायला —

मी हो म्हटलं.

नाही म्हणवेना. एकदा म्हटलं तेवढं पुरे.

चारला पाच कमी

बाहेर हाय-हॅट मिटली. मी इथे, आणि पेडल माझ्या तळव्याखाली. गार. किती दिवसांनी. उघडली. मिटली. लोक टाळ्या वाजवतायत, त्यांना वाटतंय सुरू झालं —

पेडल सुटलं. लाकूड. पाऊल. लाकूड. मग सिमेंट. इकडेच.

दार उघडं आहे. कुणी आलं नाही. आरशात दार दिसतं, कुणी आलं नाही. पण पाऊल आत आहे, या खोलीतली सतरंजी कळतेय मला, दुमडलेली कड कळतेय —

लिहीत राहायचं. खाली बघायचं नाही.

थांबला. तळव्याखाली आता सतरंजी नाही. काहीतरी ऊबदार आहे. उंचसखल. पाच — बोटं आहेत. जिवंत माणसाची बोटं आहेत त्याच्या पायाखाली, मला कळतायत एकेक —

आणि माझ्या उजव्या पायावर, उघड्या बोटांवर, वजन पडलंय. लोकर आहे. ओली. तो दाबतोय, आणि मला दोन्हीकडून कळतंय, वरूनही आणि खालूनही, आणि आता माझ्या गुडघ्यावर त्याचा हा