अण्णाची पाळी

२ जून
वैनी दुकानात आल्या. कुंभारीतलं घर सोडताहेत. माहेरी अक्कलकोटला जाणार, गौरीची आठवीही तिथंच. म्हणाल्या, "भावोजी, ह्यांचा खेळाचा डबा तेवढा वेगळा करून ठेवा. पोरगी मागतीय." बरं म्हटलं. चहा पाजला. अण्णा गेल्यापासून मी सगळ्यालाच बरं म्हणतो.

४ जून
खेळाचा पट म्हणजे जगाचा नकाशा. त्यावरची चादर काढली. सगळं तसंच. त्या रविवारी डाव अर्धा टाकून अण्णा उठला. "जरा पडतो तम्मा. माझी पाळी हाय, हात लावू नको. उठलो की तुझं ब्राझील घेतो." उठलाच नाही.
सख्खा भाऊ गेला अन् मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, गडी घट्ट हाय.

५ जून
दोन डबे. जुना आमच्या वडिलांनी, आप्पांनी आणलेला, नवा अण्णाचा. लढाईचा खेळ तोच, पण जुन्यात एक घोडा पाच शिपायांच्या बरोबरीचा, नव्यात तिनाच्या. जुन्यातले बरेच हरवले म्हणून दोन्ही एकत्र केले. लाल अण्णाचे, निळे माझे. जुन्या-नव्या डब्यांतले घोडे दिसायला सारखेच. जुन्याच्या बुडाला खाच हाय, ती बोटाला कळते. नियमांच्या पुस्तकात असला खेळ नाही. आमच्यात होता.

७ जून
झाकणात ठेवलेले सुटे घोडे-शिपाई वेगळे करून झाले. पटावरचे उरले. ते उचलले की डाव मोडला. सुनीता म्हणाली, "अहो, फोटो काढून ठेवा की. परत मांडता येतंय." काढला. फोटोत तिनाचा अन् पाचाचा घोडा एकच दिसतो. झालं.
परत चादर टाकली.

१० जून
गौरी आली, एकटीच. चादर सारून पटाजवळ बसली. लाल घोड्यांच्या बुडाला बोट लावत गेली. "तीन. पाच. तीन." मी शिकवलं नव्हतं.
"पप्पा सांगायचे, काका हरला की लई फुगतो. जेवायला उठत न्हाय."
खरंय. अण्णाच ताट आणून द्यायचा.
"पप्पांची पाळी मी खेळू?"
नको म्हणालो. का, माहीत नाही. तिनं हात मागं घेतला. वाईट वाटायला हवं होतं...

१३ जून
उद्या निघणार. पटावरच्या नव्या घोड्यांना हात लावला नाही. त्यांच्या बदली जुन्यातले लाल घोडे तिच्या डब्यात भरले. आता कुठलाच डबा पुस्तकाप्रमाणं राहिला नाही.

१४ जून
गाडी दारात. गौरीनं वर येऊन डबा उघडला, चाचपला. "काका, ह्यात पाचाचे हायत. तुमचे."
"असू दे."
मी पाण्याचा कॅन घेऊन खाली गेलो. पोरगी मागाहून उतरली. वैनींच्या पाया पडलो. त्या रडल्या. मी गाडीचं दार लावलं.
वर आलो. चादर घडी करून खुर्चीवर ठेवलेली. ब्राझीलमधले माझे शिपाई बाजूला आडवे. मध्ये एक लाल घोडा. बुडाला बोट फिरवलं. खाच. पटावरचे बाकीचे घोडे जागच्या जागी; हा मी तिला दिलेल्यातलाच.
असा बाहेरनं घोडा आणून ठेवता येत नाही. पुस्तकात नाही, आमच्यातही नाही. अण्णानं केलं असतं तर पट उधळला असता.
काढावा का, ठरत नाही. पाळी आता माझी हाय.
सुनीता दोनदा हाक मारून गेली. जेवायला उठलो नाही.