किटलीवरचे पक्षी

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. संग्रहालयातल्या चांदीला हातमोजे घालून गोंजारतेस, तशी कधी आमचीही विचारपूस करत जा.

आईची काळजी वाटते. रोज उन्हात मांडीवर किटली घेऊन बसते आणि विचारते, यावरचे पक्षी कुठे गेले? आजीकडून आलेली आपली चांदीची किटली, आरशासारखी गुळगुळीत. दर रविवारी राखेने घासून तिनेच ती लखलखीत ठेवली. तिच्यावर कसले आलेत पक्षी? बाकी वागणं ठीक आहे. मी कामावर गेले की घरात ती एकटीच. वृद्धाश्रमात विचारून ठेवलंय, पुढच्या महिन्यात जागा होईल. रागावू नकोस. तुझं मत कळव.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. रागावू कशी? सगळं तूच निस्तरतेस.

माझी दालनं काळाप्रमाणे लावलेली आहेत. पहिल्यात प्रत्येक कान, प्रत्येक तोटी शंखशिंपल्यांसारखी वळलेली. दुसऱ्यात पानं, वेली, पाखरं. तिसऱ्यात लोक नक्षीला कंटाळले आणि भांडी साधी, सरळ झाली. दुपारी कुणी नसलं की मी तिथून तरंगत गेल्यासारखी चालते. आपली किटली तिसऱ्या दालनातली, हे मी कॉलेजात असल्यापासून छातीठोकपणे सांगत आलेय. तिच्यावर पक्षी कधीच नव्हते. आईला भास होत असावेत. तुला योग्य वाटेल ते कर, मला मात्र झोप लागत नाही.

आईला माझा नमस्कार, आणि मला तुझी माया असू दे.
धाकटी

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. कोठारातल्या जुन्या पेटीत आज एक किटली सापडली. तोच कान, तोच बसका तळ, झाकणावर तीच कळी. आणि पोटाभोवती वेलीवर बसलेली पाखरं, पिसन् पीस कोरलेली!

ताई, आपली किटली साधी नव्हतीच. आईने आयुष्यभर घासून घासून पक्षी उडवून लावले आणि मी पंडिता त्याला शैली म्हणत बसले! आमचे संग्रहालयाचे साहेब पोट धरून हसले. आई भ्रमात नाही गं. तिला घेऊन ये, वृद्धाश्रमाचं तोवर थांबव.

वाट बघतेय. येताना राग घरी ठेव, लोभ घेऊन ये.
धाकटी

१० मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. सुखरूप पोचलो.

तुझ्यासमोर आई गप्पच होती. तू तिला हातमोजे घालून पाखरांवरून बोट फिरवू दिलंस, तेव्हाही. मला वाटलं, तिला वाईट वाटलं असेल. परतताना बसमध्ये खिडकीतून ऊन येत होतं, ती अर्धवट झोपेत होती. मग हळूच म्हणाली, की सगळी पाखरं कशी जागच्या जागी आहेत, बिचारीला कुणी हातच लावलेला नाही. आणि मला विचारलं, की त्या किटलीच्या घरी माणसं नव्हती का.

मी तिचा हात घट्ट धरून रडत बसले. आज वृद्धाश्रमात जागा नको म्हणून कळवलं. दुपारी शेजारच्या काकू येऊन बसतील. आई आपल्याच घरी राहील.

आमच्यावर जीव असू दे.
तुझी ताई